रुमॅटॉलॉजीचा वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स केला, पैसे वसूल झाले का? (एमडी मेडिसिनवाल्यांसाठी लांबलचक रिव्ह्यू)

रुमॅटॉलॉजी म्हणजे सांधे आणि संधिवाताच्या आजारांचा विषय. त्याचा कोर्स संपून चार महिने झाले. तेव्हापासून निदान सात-आठ जणांनी फोन करून विचारलं की कसा आहे, करू का, प्रॅक्टिसमध्ये फरक पडतो का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या लोकांशी मला परत काम पडणार आहे.

आधी मी कोण ते सांगतो. एमडी मेडिसिन, बार्शीत छोटं हॉस्पिटल, अकरा वर्षं झाली. शुगर, बीपी, दमा, पावसाळ्यात डेंगी, हे सगळं हाताखालून गेलंय. पण रोज ओपीडीत सात-आठ जण "सांधे दुखतात" म्हणून येतात आणि खरं सांगायचं तर त्यांची फाइल उघडली की माझा मूड जायचा. एमडीच्या तीन वर्षांत रुमॅटॉलॉजी म्हणजे परीक्षेपुरती एक ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) लाँग केस आणि वाकड्या बोटांचा एक आरएचा (रुमॅटॉइड आर्थरायटिस, सांधे सुजवणारा संधिवात) हात, बास.

मग करायचो काय, तर "आर्थरायटिस प्रोफाइल" लिहायचो. लॅबवाल्यांचं पॅकेजच असतं, आरए फॅक्टर, एएसओ (घशाच्या जुन्या संसर्गाची खूण), युरिक ॲसिड, सीआरपी, आणि त्यात जे लाल अक्षरात येईल त्याचा इलाज. युरिक ॲसिड ७.२ आलं की फेब्युक्सोस्टॅट (ते उतरवायची गोळी) चालू, मग दुखणं मानेचं का असेना. एएसओ ४०० आलं म्हणून पंचेचाळीस वर्षांच्या बाईला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चाललेलं मी बघितलंय, आणि बंद न करता पुढं चालू ठेवलंय, हे पण कबूल करतो. कोर्सच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "मोठ्या माणसाच्या सांधेदुखीत एएसओ कोण कोण पाठवतं?" बावीस जणांत एकोणीस हात वर. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं.

कोर्सचा साचा असा: एक वर्ष, दर बुधवारी रात्री साडेआठला ऑनलाइन लेक्चर, वर्षात सहा शनिवार-रविवार पुण्यात प्रत्यक्ष, ४० पेशंटचं लॉगबुक, शेवटी लेखी आणि स्टेशनवाली प्रॅक्टिकल परीक्षा. फी लाखाच्या थोडी आत, शिवाय पेट्रोल, लॉज, आणि दोन दिवस ओपीडी बंद त्याचं नुकसान वेगळं धरा.

हे डीएम नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. डीएम म्हणजे एमडीनंतर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन पूर्ण तीन वर्षं. लखनौच्या एसजीपीजीआयसारख्या ठिकाणी त्याला क्लिनिकल इम्युनॉलॉजी म्हणतात. तीन वर्षांचा माणूस आणि सहा वीकेंडचा माणूस एक कसा होईल? आमच्या बॅचमधल्या एकानं तर कोर्स अर्धा झालेला नसताना "संधिवात तज्ज्ञ" असा बोर्ड रंगवायला टाकला होता, शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं त्याला. तर बोर्डासाठी करणार असाल तर इथंच वाचणं थांबवा.

आता काय आवडलं ते. पहिला वीकेंड. मला वाटलं प्रोजेक्टर लागेल, झोप येईल. तर दोन तास एकही स्लाइड नाही, प्रत्येकाच्या समोर एक पेशंट बसवला आणि सांगितलं हात हातात घ्या. नुसता हात. बोटांच्या बुडाशी जे सांधे असतात ना, तिथं आडवं हलकं दाबून बघायचं, मग एकेक सांधा अंगठा आणि बोटात धरून चाचपायचा, आणि जोर किती तर आपल्याच अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकाच. सूज असलेला सांधा बोटाखाली पिकल्या द्राक्षासारखा लागतो आणि झिजेमुळं वाढलेलं हाड सुपारीसारखं टणक, आणि हा फरक एकदा बोटाला कळला की परत विसरत नाही. अकरा वर्षं मी हे दोन्ही "स्वेलिंग प्लस" असं एकाच शब्दात लिहीत होतो.

त्या दिवशीच्या पेशंटमध्ये एक मावशी होत्या, १४ वर्षं आरए असलेल्या, अशा दर बॅचला येतात म्हणे. माझी पाळी झाल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही दाबताना बोटाकडंच बघताय, माझ्या तोंडाकडं बघा की, दुखलं तर तोंडावर दिसतंय." मार्क देणारा परीक्षक असाच पाहिजे.

मग पाय. आरए किती जोरात आहे ते मोजायला डीएएस-२८ म्हणून जो स्कोअर सगळे काढतात त्यात २८ सांधे मोजतात पण पावलाचे सांधे त्यात नाहीत, म्हणजे स्कोअर छान आला तरी पेशंट पाय टाकताना ओय-ओय करत असू शकतो. सर म्हणाले, तुमच्याकडं पेशंट चपला बाहेर काढून येतात, फुकटची संधी आहे, पाय बघत जा. खरंच की. आता मी चपला पण बघतो, अंगठ्याच्या बाजूचा पट्टा कापून ढिला केलेला असला की निम्मी हिस्ट्री तिथंच मिळते.

कंबरदुखीचा वीकेंड हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात जास्त पैसे परत देणारा. माझ्या लॉगबुकातली केस नंबर ११, साखर कारखान्यातला पोरगा, वय २६, तीन वर्षं कंबर धरलेली, कमरेचा एमआरआय दोनदा झालेला, "डिस्क थोडी सरकलीय" म्हणून पट्टा, गोळ्या, जड उचलू नको, आराम कर. मी कोर्समध्ये शिकवलेले प्रश्न विचारले तर म्हणतो, "साहेब, आरामानंच वाढतंय. रात्री तीन-साडेतीनला जाग येती, मग अंगणात चकरा मारतो, तासाभरानं मोकळं वाटतंय." चाळिशीच्या आतलं वय, हळूहळू सुरुवात, पहाटे जाग, हालचालीनं बरं, पडून राहिलं की वाढतं, सगळं पुस्तकातल्यासारखं. साधा पेल्विसचा एक्सरे काढला, काही शे रुपयात, दोन्ही सॅक्रोइलियाक (मणक्याच्या बुडाशी कुल्ल्याच्या हाडाला जोडणारे) सांधे खराब. दोन एमआरआयमध्ये कमरेचे मणके बघून झाले पण त्याच्या खालचे हे सांधे कुणी बघितलेच नव्हते. एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवाताशी जोडलेली जनुकाची खूण) पाठवताना पण आता एवढं कळतं की निगेटिव्ह आला तरी आजार सुटत नाही आणि पॉझिटिव्ह असलेले कितीतरी लोक आयुष्यभर ठणठणीत असतात.

एएनएचं (ल्युपससारख्या आजारांसाठी करतात ती रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) लेक्चर प्रत्येक फिजिशियननं ऐकावं असं आहे. १:४० टायटरला (रक्त किती पातळ केलं तरी पॉझिटिव्ह येतं तो आकडा) धडधाकट माणसांत चौघात एकाचा तरी पॉझिटिव्ह येऊ शकतो, १:१६० ला पण शंभरात पाचेक निरोगी माणसं सापडतात. आणि आपण काय करतो, थकवा आणि केस गळतात म्हणून आलेल्या पोरीचा एएनए पाठवतो, पॉझिटिव्ह आला की ती घरी जाऊन गूगलवर ल्युपस वाचून रडत बसते. मॅडमचं म्हणणं, लक्षणं नीट विचारल्याशिवाय पाठवू नका, आणि पाठवला तर टायटर आणि पॅटर्न लिहिलेला रिपोर्ट मागा, नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको. आणि ल्युपस ठरलेल्या पेशंटचा एएनए परत परत करण्यापेक्षा दर भेटीला साधी लघवी तपासा, प्रोटीन जातंय का बघा, किडनी त्यात सापडते. लघवीची तपासणी स्वस्त आहे म्हणून आपण तिला कमी लेखतो, असं त्या म्हणाल्या आणि खरंय ते.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे आरएची मुख्य गोळी. याच्यावर पूर्ण एक शनिवार दुपार घालवली आणि मला आधी जास्त वाटलं, आता वाटत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी माणसं रोज घेतात आणि तोंड सोलून, पांढऱ्या पेशी खाली जाऊन ॲडमिट होतात, असा एक पेशंट मी कोर्सच्या आधी स्वतः सांभाळलेला आहे, नऊ दिवस रोज घेतली होती. बरोबर द्यायची फॉलिक ॲसिडची गोळी पण पिवळी आणि छोटी, ही पण पिवळी आणि छोटी, आजींनी ओळखायचं कसं? शिकवलेली युक्ती म्हणजे चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत, पूर्ण अक्षरात, आणि "रोज नाही" हे वेगळं लिहायचं, चार आठवड्यांच्या वर गोळ्या द्यायच्या नाहीत. मी त्यात माझी भर घातली, खेड्यातल्या पेशंटला त्याच्या गावच्या बाजाराचा वार लिहून देतो. बाजाराचा दिवस कुणी विसरत नाही आणि आठवड्यात दोनदा येत नाही.

वाताच्या पुडीवर (आत बहुतेकदा स्टेरॉइड असतं) पण चांगलं बोलणं झालं. आमच्याकडं हा रोजचा विषय आहे, कुठल्यातरी गावाला दर अमुक वारी पुडी मिळते, दोन दिवसांत म्हातारी चालायला लागते, वर्षभरात तोंड चंद्रासारखं गोल, शुगर ३००, आणि मग आपल्याकडं. सरांनी १९४८ ची गोष्ट सांगितली, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंचनी आरएच्या बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टेरॉइड टोचलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली, १९५० ला केंडल आणि राइखश्टाइनबरोबर नोबेल, आणि नंतर दुष्परिणाम दिसायला लागल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. "तुमचा पुडीवाला दर आठवड्याला हेंचचा पहिला आठवडा दाखवतो, पुढचा भाग तुमच्याकडं येतो," हे वाक्य मी ओपीडीत वापरत नाही पण डोक्यात फिट बसलंय. व्यवहारातलं त्याहून महत्त्वाचं, पुडी एकदम बंद करायला सांगायची नाही. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बंद पडलेलं असतं, हळूहळू उतरवायचं. मी आधी रागानं पुडी कचऱ्यात टाकायला लावायचो.

आता एक गंमत. चिकुनगुनियाच्या लेक्चरला मॅडमनी साथींची स्लाइड लावली, भारतात १९६३ ला कोलकाता, आणि १९७३ ला... बार्शी. सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. मी जन्मलो बार्शीत, वाढलो बार्शीत, प्रॅक्टिस बार्शीत, आणि मला हे माहीत नाही. घरी येऊन वडिलांना विचारलं तर म्हणाले, हो मग, माणसं वाकून चालत होती. साथीनंतर जवळपास तीसेक वर्षं तो आजार देशात जणू गायब होता आणि २००५-०६ ला परत आला, तेव्हा महाराष्ट्रात किती लोक आडवे झाले ते बऱ्याच जणांना आठवत असेल. मुद्दा असा की चिकुनगुनियानंतर सांधे हुबेहूब आरएसारखे सुजू शकतात, दोन्ही हात, सकाळी मूठ वळत नाही, सगळं. ताप जाऊन तीन आठवडे झालेत म्हणजे लगेच आरएचं लेबल लावू नका, थांबा, सांधे मोजत रहा, आणि तीन महिन्यांनी पण सूज असेल तर मग नीट विचार करा. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडं अशा पाच बायका होत्या, चौघींचं आपोआप उतरलं. एकीला मात्र पाठवावं लागलं.

आणि भिगवण. पुण्याला जाता-येता दर वेळी लागतं, मला भिगवण म्हणजे उजनीचं पाणी, फ्लेमिंगो आणि मासे. तिथं १९९६ ला पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमनं कॉपकॉर्ड नावाचा घरोघरी जाऊन सर्व्हे सुरू केला हे कोर्समध्ये कळलं. खेड्यात कुणाला काय दुखतंय ते दारात जाऊन विचारायचं, जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेतला भाग होता तो. आरएचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं, म्हणजे दोनशे मोठ्या माणसांत एक. मी गाडी चालवत हिशेब केला, आमच्या तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या वर आहे, म्हणजे मोठी माणसं धरली तरी हजारभर आरएचे पेशंट. माझ्याकडं रजिस्टरवर तेव्हा होते १७. बाकीचे कुठं आहेत? पुडीवाल्याकडं, नाहीतर "वय झालं आता" म्हणून घरात.

आता तक्रारी, आणि थोड्या नाहीत.

अल्ट्रासाउंड वर्कशॉप. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेलं, हँड्स-ऑन. प्रत्यक्षात बावीस माणसं, दोन मशिन, त्यातलं एक डॉप्लरला रुसलेलं. मला प्रोब हातात मिळाला मोजून सहा मिनिटं. प्रोब जरा तिरका झाला की चांगला टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) पण फाटल्यासारखा काळा दिसतो एवढं कळलं आणि पाळी संपली. त्याहून राग याचा की मशीन घ्यायचं तर पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा) रजिस्ट्रेशन लागतं, कोण वापरू शकतो त्याचे नियम आहेत, आपण गुडघाच बघणार आहोत म्हणून सूट नाही, हे वर्षभरात एकदाही कुणी सांगितलं नाही. बॅचमधले दोघं कोटेशन मागवून बसले होते, तिसऱ्यानं सांगितलं तेव्हा थांबले.

गाउटचं (युरिक ॲसिडचे क्रिस्टल सांध्यात साचून होणारा आजार) पण तसंच. थिअरी उत्तम, झटका चालू असताना युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड उतरवायचं दुसरं औषध) १०० पासून हळू चढवायचं, सहाच्या खाली ठेवायचं, नुसता आकडा वाढलाय आणि त्रास नाही तर सहसा औषध नको (या एका वाक्यानं माझी निम्मी फेब्युक्सोस्टॅट बंद झाली). पण सांध्यातलं पाणी काढून पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली ते सुईसारखे क्रिस्टल बघणं हा या विषयाचा आत्मा ना, तो फक्त फोटोत. पूर्ण वर्षात एकाही माणसानं डोळ्यानं क्रिस्टल बघितला नाही. पाण्यात न उतरता पोहायचा क्लास.

लंचच्या आधी "इंडस्ट्री सेशन" असायचं. समजू शकतो, जेवण कुणीतरी द्यायला पाहिजे. पण नवीन महागड्या गोळ्या-इंजेक्शनांवर चाळीस मिनिटं आणि त्यात टीबी उसळायचा धोका शेवटच्या स्लाइडवर, बारीक अक्षरात? आपल्या देशात? बायोलॉजिकच्या (त्याच इंजेक्शनांच्या) आधी छातीचा एक्सरे, मांटू नाहीतर इग्रा या टीबीच्या तपासण्या, हे पहिल्या स्लाइडवर पाहिजे. आमच्या सरांनी नंतर चहाच्या वेळी उभ्या उभ्या तेच पंधरा मिनिटं सांगितलं, ते जास्त कामाचं होतं.

लहान मुलांचं एकच लेक्चर, ते पण परीक्षेच्या आधीच्या बुधवारी, सगळे थकलेले. त्यातलं एक वाक्य मात्र लक्षात राहिलं की पोराचा सांधा सुजला असेल तर डोळा लाल नसला, दुखत नसला तरी डोळ्याच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर तपासून घ्या, आत गुपचूप सूज असते. पुढच्याच महिन्यात लंगडत चालणारी सहा वर्षांची मुलगी आली, गुडघा सुजलेला, आईचं म्हणणं पडली असेल. डोळ्याला पाठवलं, आत सूज होतीच. यावर एक लेक्चर? चार पाहिजेत.

ऑनलाइन लेक्चरचं रेकॉर्डिंग ३० दिवसांत गायब होतं. अरे पैसे भरलेत ना आम्ही. बुधवारी रात्री साडेआठला तालुक्याच्या गावात इमर्जन्सी येणार नाही असं कुणी ठरवलंय? माझी नऊ लेक्चर अशीच बुडाली, त्यातली दोनच नंतर बघता आली.

लॉगबुक कटकटीचं वाटेल पण खरा कोर्स तोच आहे. प्रत्येक केसवर मेंटर मॅडमचा लाल पेन, आणि पहिल्या दहा केसवर एकच प्रश्न दहा वेळा, "सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं?" मी "प्रेझेंट" लिहायचो. दहा मिनिटं आणि दोन तास यात आजार बदलतो, हे अकराव्या केसला डोक्यात शिरलं. आता पेशंटला मिनिटं विचारत नाही, मिनिटं कुणाला कळत नाहीत. विचारतो, "उठल्यावर पहिली भाकरी थापता येते का, का चौथ्या भाकरीपर्यंत हात मोकळा होत नाही?" उत्तर लगेच येतं.

मेंटरचा व्हॉट्सॲप ग्रुप सोन्यासारखा होता. पेशंटचं नाव झाकून फोटो टाकायचा, रात्रीपर्यंत उत्तर. कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी संस्थेनं तो बंद केला, का ते सांगितलं नाही. मग आम्हीच दुसरा काढला, सर स्वतःहून त्यात आले, त्यांचा मोठेपणा.

परदेशी ऑनलाइन कोर्स करू का असं पण दोघांनी विचारलं. युलार, म्हणजे युरोपातली रुमॅटॉलॉजीची मोठी संघटना, त्यांचे ऑनलाइन कोर्स आपले लोक पण करतात, वाचायला आवडत असेल तर करा. माझं मत एवढंच की माझी अडचण वाचनाची नव्हतीच, बोटांची होती, आणि ती स्क्रीनवर सुटली नसती.

प्रॅक्टिसमध्ये फरक? प्रोफाइल लिहिणं बंद केलं, लॅबवाला विचारत होता की साहेब नाराज आहात का. रजिस्टरवर आरएचे १७ चे ६३ झाले, त्यातले अवघड सगळे पुण्याला रुमॅटॉलॉजिस्टकडं एकदा जाऊन येतात, मधली देखरेख माझ्याकडं. उत्पन्न विचाराल तर पहिले सहा महिने कमीच झालं, कारण एका सांध्याच्या पेशंटला आता पंचवीस मिनिटं जातात आणि बाहेर शुगरवाले घड्याळ बघत असतात. बायको म्हणाली गुरुवार दुपार फक्त सांध्यांची ठेव, तेव्हापासून जमतंय.

पाचपैकी साडेतीन. क्रिस्टल दाखवले, रेकॉर्डिंग ठेवलं आणि तिसरं मशीन आणलं तर साडेचार देईन. फॉर्म भरायच्या आधी तीन गोष्टी फोन करून विचारा: प्रत्यक्ष पेशंट किती आणि एका पेशंटमागं डॉक्टर किती, लॉगबुक कोण तपासतं, आणि नंतर अडलं तर कुणाला विचारायचं. त्यांनी फॅकल्टीची नावं आणि हॉटेलचे फोटो पाठवले तर परत विचारा.

राहायची सोय त्यांची नाही, जवळच्या लॉजवर शनिवारी रूम मिळत नाही, आधी बुक करा. पार्किंग चार गाड्यांचं आहे, साडेसातच्या आत पोचलात तर. रविवारी चारला सोडतात, सोलापूरकडच्यांनी हडपसर सहाच्या आत पार करा आणि जेवण भिगवणला, आमच्यातला एक गाउटवाला मेंबर पण तिथं चिलापी खायचा, आम्ही बाकीचे त्याच्या ताटाकडं बघायचो नाही.